शर्यतीचा रस्ता आणि आपला रस्ता

शर्यत म्हटली की आपल्या भागातील माणसाला पहिल्यांदा शंकरपट आठवतो. बैलजोडी सुटते, धुरळा उडतो आणि पाहता पाहता खेळ आटोपतो. पण पटाहून परतलेल्या माणसाला विचारून पाहा. जोडीविषयी तो दोन वाक्ये सांगेल. आणि पुढचा अर्धा तास कोणत्या गावावरून कसे गेलो, वाटेत कोण भेटले, कुठे आलुबोंडा खाल्ला, हेच सांगत बसेल. शर्यत थोडी आणि रस्ता फार, असा हा प्रकार असतो. आज मला ज्या शर्यतीविषयी बोलावयाचे आहे ती बैलांची नाही, सायकलींची आहे. पण तिच्याही बाबतीत हेच खरे आहे.

२०२६ च्या जानेवारी महिन्यात, १९ ते २३ या तारखांना, पुणे जिल्ह्यात एक मोठी सायकल-शर्यत झाली. 'पुणे ग्रँड टूर' असे तिचे नाव. सायकल हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, असे देशोदेशींचे सायकलपटू तिच्यात उतरले होते. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती अशा तालुक्यांतून, रोज एक टप्पा याप्रमाणे, सुमारे ४३७ किलोमीटरचा तो रस्ता होता.

आपल्या महाराष्ट्राला सायकलची शर्यत काही नवी नाही. मुंबई-पुणे शर्यतीचे नाव जुन्या माणसांनी ऐकलेले असेल. तिच्या वाटेवर बोरघाट लागतो. इंग्रजांनी १८३० साली गाड्यांसाठी खुला केलेला हाच तो घाट. जो सायकलस्वार घाट चढून पहिला वर येई, त्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळे बक्षीस असे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत माणसे कठड्यावर बसून राजाची वाट पाहत. मग तो राजा येई, घामाने निथळत, आणि एका क्षणात निघून जाई. माणसे मात्र चिक्की खात तिथेच बसलेली असत.

येथे एक प्रश्न मनात येतो. शर्यत लावावयाची तर ती एखाद्या मोठ्या मैदानातही लावता येते. मग इतकी गावे, घाट आणि नद्या ओलांडत ती कशाला न्यावयाची?

याचे उत्तर फ्रान्स देशात मिळते. तिथे १९०३ साली एका वर्तमानपत्राने आपला खप वाढावा म्हणून सगळ्या देशाला वळसा घालणारी सायकल-शर्यत काढली. सहा टप्पे आणि सुमारे अडीच हजार किलोमीटर अंतर. हेतू अगदी व्यापारी होता. त्या पत्राचा कागद पिवळा असे; म्हणून १९१९ सालापासून आघाडीवरच्या स्वाराला पिवळा सदरा देण्याची प्रथा पडली, ती अजून चालू आहे. पण या व्यापारातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. जी गावे कोणाच्या गावीही नव्हती, त्यांची नावे घरोघर वाचली जाऊ लागली. लोकांना आपल्याच देशातले घाट, नद्या आणि पेठा ठाऊक झाल्या. आज ती शर्यत दूरदर्शनवर पाहणाऱ्यांपैकी कितीतरी लोकांना कोण जिंकले याच्याशी फारसे कर्तव्य नसते. ते पाहतात तो रस्ता. वर्णन करणारा मध्येच सांगतो की, हे समोर दिसते ते अमक्या शतकातले देऊळ, या खोऱ्यात अमक्या प्रकारचे चीज होते, या उतारावर द्राक्षे होतात. शर्यत येणार म्हणून शेतकरी आपल्या शेतात ट्रॅक्टर उभे करून आणि गवताचे भारे मांडून भलीमोठी सायकल काढतात. आकाशातून ती नीट दिसते. आमचे गाव पाहून जा, असे त्यांनी जगाला दिलेले ते आमंत्रण असते.

गंमत अशी की, ज्याच्यासाठी हा थाट, त्या स्वाराला यातले काही दिसत नाही. ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने तो जात असतो. त्याची नजर पुढच्याच्या चाकावर असते. त्याचे खाणेही रस्त्यावरच. ठरलेल्या जागी पथकाचा माणूस एक सुती झोळी हातात धरून उभा असतो. स्वार चालत्या सायकलीवरून ती ओढून घेतो, गळ्यात अडकवतो, आतले जिन्नस खिशात टाकतो आणि झोळी फेकून देतो. त्या झोळीत काय असते, ठाऊक आहे? पुष्कळदा भातच असतो. मऊ शिजवलेला, थोडा गोड केलेला, वड्या पाडून कागदात बांधलेला भात. खिशात एखादे केळे. दिवसाकाठी या माणसांना आपल्या दुपटीहून अधिक अन्न लागते, आणि ते लवकर अंगी लागावे म्हणून ते भातावर भर देतात. म्हणजे परदेशी पहिलवानाचा खुराक बाळंतिणीच्या मऊ भातापासून फार दूर नाही.

आता पुणे जिल्ह्यातल्या त्या तालुक्यांकडे वळू. मुळशीला धरण आहे, आणि त्या धरणात जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९२१ पासून केलेला सत्याग्रहही आहे. तिथला आंबेमोहर तांदूळ शिजू लागला की वास शेजारी जातो. मावळात कार्ले आणि भाजे येथील लेणी आहेत, आणि लोणावळ्याची चिक्की आहे. पुरंदरला किल्ला आहे, जेजुरीचा खंडोबा आहे, अंजीर आहे, सीताफळ आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे फळ या मातीचेच, असा कायद्याचा शिक्का बसला. बारामती तालुक्यात मोरगावचा मयूरेश्वर आहे.

शर्यतीच्या त्या दिवसांत एका घरगुती कामासाठी मी पुण्याकडे गेलो होतो. एके सकाळी पुरंदर तालुक्यात रस्ता बंद झाला, म्हणून गावकऱ्यांबरोबर मीही कडेला उभा राहिलो. शाळेची मुले झेंडे घेऊन रांगेने उभी होती. प्रथम पोलिसांच्या मोटारी आल्या, मग एकदम सूं असा आवाज झाला, रंगीबेरंगी सदऱ्यांचा एक लोट अंगावरून गेला आणि संपले. माझ्या शेजारी एक वयस्क शेतकरी होते. ते मला म्हणाले,

"पाव्हणं, कुठनं आला?"

"वर्ध्याहून," मी म्हणालो.

"लई लांबनं आला की! गांधीबाबाचं वर्धा न्हवं?" मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून दोन अंजिरे काढून माझ्या हातावर ठेवली. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कसा दाखवतात ते सांगितले. आणि मग सहज विचारले, "तुमच्याकडं काय खाया मिळतं?"

श्रोतेहो, मी पंचवीस वर्षांच्या आतबाहेर शिकवतो आहे. पण त्या क्षणी मला काही सुचले नाही. मी म्हणालो, "आमच्याकडं... पोळी-भाजी."

ते म्हणाले, "ती तर समदीकडंच असती."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण ती दोन अंजिरे मला जड झाली. परतीच्या गाडीत रात्री बसलो असताना आठवले की, रोडगे तर आमच्याकडेही होतात! गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, राख झटकून तुपात बुडवलेले, वांग्याच्या भाजीबरोबर खाल्लेले. माझ्या आईने शेतात कितीदा केले असतील. जेजुरीच्या खंडोबाचा नैवेद्य आणि आमच्या शेतातले जेवण, नाव एकच. त्या गृहस्थांना हे सांगता आले असते तर त्यांना केवढा आनंद झाला असता! पण ऐन वेळी ते माझ्या तोंडी आले नाही. आपले म्हणून जे असते ते आपण सांगण्याजोगे समजत नाही, हेच त्याचे कारण.

परत आल्यावर मी वर्गात मुलांना एक प्रश्न लिहावयास दिला: तुमच्या गावी पाहण्यासारखे आणि खाण्यासारखे काय आहे? बहुतेकांनी एका ओळीत लिहिले, 'काही नाही.' एका मुलीने लिहिले, 'आमच्या गावी पाहण्यासारखे काही नाही. फक्त धरण आहे आणि वाघ आहे.' मी हसलो. पण हसण्याचा मला अधिकार नव्हता. मी स्वतः 'पोळी-भाजी' सांगून आलो होतो.

तेव्हा म्हटले, समजा, अशी शर्यत उद्या आपल्या जिल्ह्यातून गेली. तिचा रस्ता कोणता असेल? चला, आपणच आखू. घाई नाही. आपली साधी काळी सायकल घेऊ, आणि सेवाग्रामहून निघू.

सेवाग्रामचे मूळ नाव शेगाव. १९३६ साली गांधीजी तिथे राहावयास आले, आणि १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमातील कुटी पाहताना एक गोष्ट जरूर पाहावी. माती, बांबू आणि कवेलू, सगळे साहित्य जवळपासचे. लांबून काही आणावयाचे नाही, असा त्या माणसाचा आग्रह होता. जगभरचे लोक ही मातीची भिंत पाहावयास येतात, आणि आपण मात्र तशीच भिंत घरी असली तर पाहुण्यासमोर शरमतो.

तिथून सुमारे आठ किलोमीटरवर वर्धा. शहरात लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. जमनालाल बजाजांनी १९२८ साली ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. मगनवाडीत १९३८ साली सुरू झालेले मगन संग्रहालय आहे. कुमारप्पांनी इथेच बसून हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा हिशेब मांडला, की गावात जे पिकते ते गावातच खाण्याजोगे झाले तर पैसा आणि पोषण दोन्ही गावात राहते. आणि वर्ध्याला आलात तर गोरसपाक खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. कणीक, साखर आणि गाईचे तूप यांचा तो खुसखुशीत पदार्थ तोंडात विरघळतो. त्याच्यामागे गोसेवेची चळवळ आहे, आणि आपल्या जिल्ह्याची गौळाऊ गाय आहे. पांढरी, हलक्या अंगाची, चालायला चपळ अशी ही जात वर्धेच्या मातीतली आहे.

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पवनार येते. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. ते १९३८ साली इथे आले. आश्रमाची जमीन खणताना जुनी शिल्पे सापडली, त्यात भरत-रामाच्या भेटीचे शिल्प आहे. संशोधक वा. वि. मिराशी यांचे मत असे की, वाकाटक राजांची प्रवरपूर नावाची राजधानी ती हीच. म्हणजे ज्या पुलावरून आपण भुर्रकन निघून जातो, त्याच्या खाली दीड हजार वर्षे झोपलेली आहेत. १९५१ साली विनोबा इकडूनच पायी निघाले, ते पुढे भूदान मागत वर्षानुवर्षे चालत राहिले. शर्यतीचा स्वार तासाला चाळीस किलोमीटर जातो. हा माणूस दिवसाला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर जाई. पण देशातली किती गावे, किती चुली त्याला ठाऊक झाल्या असतील!

पुढे सेलू. या सेलू-पवनार भागातील केळीच्या बागांचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. शर्यतीच्या स्वाराच्या खिशातले केळे आठवते ना? मुख्य रस्त्याने सरळ गेलात तर केळझर लागते. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि तिथला गणपती त्याच नावाने ओळखला जातो. आपण मात्र सेलूहून हिंगणीकडे वळू आणि बोरधरणाला पोहोचू. जंगलाने वेढलेले ते पाणी, आणि पलीकडे बोर व्याघ्रप्रकल्प. २०१४ साली त्याला हा दर्जा मिळाला. त्या वेळी देशातील व्याघ्रप्रकल्पांत तो आकाराने सर्वांत लहान होता. 'फक्त धरण आहे आणि वाघ आहे' असे लिहिणारी मुलगी याच बाजूची!

हा झाला पहिला टप्पा, पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. दुसरा टप्पा दक्षिणेला काढता येईल. हिंगणघाट, एके काळी ज्या गावाच्या नावाचा कापूस परदेशी पेठांत ओळखला जाई. तिथून समुद्रपूर तालुक्यातील वायगाव. हळदीमुळे त्याला लोक 'हळद्या वायगाव'च म्हणतात. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे पुरंदरच्या अंजिराच्या हातावर ठेवायला आपल्याजवळ हळद आहे! आणि शेवटी गिरडची टेकडी. शेख फरीदबाबांचा दर्गा तिथे आहे, आणि सर्व धर्मांची माणसे तो चढून जातात.

आता या रस्त्यावर खावयाचे काय? दिवस हिवाळ्याचे धरू. तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी. वाडीतल्या वांग्याचे भरीत. हरभऱ्याचे भाजलेले घाटे. गरम भातावर कुस्करलेले गोळे आणि वर फोडणीचे तेल, तो गोळाभात. सांबार भरपूर पिकला की सांबारवडी. पुण्याकडच्या पाहुण्याला सांगावे लागेल की, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, मद्रासी आमटी नव्हे. अंबाडीची भाजी, झुणका, ठेचा, आणि या सर्वांना सांभाळून घेणारी ज्वारीची भाकर.

भाकरीपाशी मात्र मला थांबावे लागते. कारण ही यादी करीत मी त्या रस्त्याने खरोखरच सायकलीने जाऊन आलो, आणि वाटेत ज्वारीचे शेत शोधू लागलो. कापूस दिसला, तूर दिसली, सोयाबीन निघून गेलेली रिकामी वावरे दिसली, गहू-हरभरा दिसला. ज्वारी फार थोडी. चहाच्या टपरीवर भाकर मागितली तर पोराने वेफर्सची पुडी पुढे केली. त्याचा दोष नाही. ज्वारीला भाव नाही, पाखरे आणि रानडुकरे कणसे ठेवत नाहीत, कापणीला माणूस मिळत नाही. शेतकऱ्याने नगदी पीक धरले तर त्याला कोण नावे ठेवील?

पण श्रोतेहो, हिशेब पुरता मांडला पाहिजे. ज्वारी गेली की भाकर जाते, हे दिसते. तिच्याबरोबर हुरडा जातो. कडबा जातो. कडबा गेला की गोठ्यातल्या गाई-बैलांची वैरण तुटते. गाय कमी झाली की तूप गेले, शेण गेले, मग गोवऱ्या कुठल्या आणि रोडगे कशावर भाजणार? ताटातला एक पदार्थ दिसेनासा झाला तर त्याच्यामागे शेतातल्या चार गोष्टी आधीच गेलेल्या असतात. म्हणून खाण्याच्या पदार्थांची यादी ही केवळ जिभेची चैन नव्हे. तो गावाचा ताळेबंद आहे. शर्यत उद्या आलीच, आणि पाहुण्यांनी विचारले, तुमच्याकडे काय खावयाला मिळते, तर आपण काय वेफर्सची पुडी दाखवणार?

हे काम पुढाऱ्यांचे नाही, आधी शिक्षकांचे आहे असे मला वाटते. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्ध्यातच १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम निघाली. हाताने काम करीत, आपल्या परिसरातून शिकावे, हा तिचा गाभा. ती पद्धत जशीच्या तशी चालवा असे मी म्हणत नाही. पण एक शनिवार काढा. सातवी-आठवीची मुले घ्या. पुष्कळ मुली आताशा सायकलीनेच शाळेत येतात. शाळेपासून पाच-सात किलोमीटरचा एकच रस्ता निवडा, मोटारींची वर्दळ नसलेला. प्रत्येक थांब्यावर मुलांनी तीन गोष्टी विचारून लिहाव्यात. इथे पाहावयाचे काय, आणि ते केव्हापासून आहे? इथल्या घरांत या ऋतूत काय शिजते? आणि तो पदार्थ ज्या पिकाचा होतो, ते पीक आता गावात कोण घेतो? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर तेही लिहावे. परत येऊन भिंतीवर एक मोठा नकाशा काढावा. त्यात इतिहास आला, भूगोल आला, शेतकी आली, आणि आजीला प्रश्न विचारावे लागल्यामुळे भाषाही आली.

आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. त्यावर सायकलीलाच काय, मोटारसायकलीलाही मज्जाव आहे. त्याचा उपयोग मोठा आहे, आणि वेळेला किंमत असते हे मला मान्य आहे. पण त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला आपले गाव दिसत नाही, ते फक्त फलकावरचे एक नाव असते. गाव दिसावयाचे तर गावातून जाणारा रस्ता हवा, आणि तो दाखविणारा माणूस हवा. रस्ता आपल्याकडे आहे. माणूस तयार करावयाचा आहे.

ती मोठी शर्यत वर्ध्याला येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. आली तरी दोन मिनिटांत निघून जाईल. पण पुरंदरचे ते गृहस्थ पुन्हा कधी भेटले तर मला त्यांच्या हातावर गोरसपाक ठेवावयाचा आहे, वायगावच्या हळदीची पुडी द्यावयाची आहे, आणि सांगावयाचे आहे की, दादा, रोडगे आमच्याकडेही होतात. एकदा हिवाळ्यात या, शेतात बसून खाऊ. मात्र तोवर गोवऱ्या आणि वांगी यांची सोय आपल्याला राखून ठेवली पाहिजे. आणि जमल्यास बांधाच्या कडेला दोन तास ज्वारीचे.